कनेक्टिंग फ्लाइटचं गणित : पंच्याण्णव मिनिटांत विमान कसं बदलायचं?

आपल्या होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी जीआरईवाला असतो. पहाटे तीनपर्यंत वर्ड लिस्ट घोकणारा! त्याला अ‍ॅडमिशन मिळतं, व्हिसा मिळतो, मग घरी तयारी सुरू होते. आई कुकर घेऊन देते, मावशी मेतकूट देते, काका डॉलरचा भाव सांगतात. सीनियर्स मेसपासून रूम पार्टनरपर्यंत सगळं समजावतात. फक्त एका गोष्टीबद्दल कुणीच काही बोलत नाही. मधल्या विमानतळावरचे ते दीड-दोन तास! मुंबई ते शिकागो असं तिकीट आपण दाखवतो खरं, पण मध्ये कुठेतरी उतरून, एका अनोळखी देशात, घड्याळाशी शर्यत लावत दुसरं विमान गाठायचं असतं. हा लेख त्या दीड-दोन तासांबद्दल आहे. परिषदेत पेपर वाचायला जाणाऱ्या सर-मॅडमनाही तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ट्रान्झिट, बोर्डिंग, टर्मिनल या शब्दांना शुद्ध मराठीत काय म्हणतात, ते मला विचारू नका. मराठीच्या मॅडमनी एवढं चालवून घ्यावं!)

मी या विषयात शिरले ती पप्पांमुळे. पप्पा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ग्राइंडिंग सेक्शनला आहेत. बाळ्याहून कंपनीच्या बसने जायचं, पुणे रोडवरून संध्याकाळी परत यायचं, असं चोवीस वर्षं चाललंय. कंपनीने जर्मनीहून एक सीएनसी ग्राइंडर घ्यायचा ठरवला. मशीन तिथून निघण्याआधी आपला जॉब त्यावर चालवून बघायचा, साइज बसतो का ते तपासायचं आणि मगच सही करायची, अशी पद्धत असते. साहेबांनी पप्पांचं नाव सुचवलं. पप्पा घरी येऊन म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून सांगतो की. मला मशीन कळतंय, इंग्लिश कुठं बोलता येतंय?" मशीनची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती मधल्या विमानतळाची. तिकिटावर विमान बदलायला फक्त ९५ मिनिटं होती. मग मी ठरवलं, की हा विषय एखाद्या सब्जेक्टसारखा अभ्यासायचा आणि पप्पांना नीट समजावून सांगायचा.

कुर्डुवाडी आणि फ्रँकफर्ट

गाडी बदलणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज लाइन सुरू झाली, तेव्हापासून कुर्डुवाडी हे गाडी बदलायचं ठिकाण. मुंबई-मद्रास मार्गावरच्या मोठ्या गाडीतून उतरायचं, पोरंबाळं आणि बोचकी मोजायची, आणि बार्शी किंवा पंढरपूरची छोटी गाडी पकडायची. नंतर सगळी ब्रॉडगेज झाली, पण कित्येक आजी-आजोबांना ती धावपळ अजून आठवते.

मग विमानात वेगळं काय? तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, गाडी सुटेपर्यंत तिचा दरवाजा उघडा असतो. हलत्या गाडीत चढणारे वीर आपण पाहिलेले आहेत. विमानाचं बोर्डिंग गेट सुटण्याच्या वेळेआधी बहुतेक ठिकाणी १५ ते २० मिनिटं बंद होतं. बोर्डिंग पासवर १०.३५ लिहिलं असेल तर ती वेळ विमान जागेवरून हलण्याची आहे, आपण पोचण्याची नाही. तुमची खरी वेळ १०.१५.

दुसरी, गाडीतलं सामान आपल्या हातात असतं. विमानातली मोठी बॅग वेगळ्या वाटेने प्रवास करते.

तिसरी, कुर्डुवाडीला पूल ओलांडला की झालं. परदेशी विमानतळावर मध्ये सुरक्षा तपासणी येते, कधी पासपोर्ट तपासणी येते, कधी टर्मिनल बदलायला आतली ट्रेन पकडावी लागते.

एमसीटी म्हणजे काय?

प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलायला कमीत कमी किती वेळ लागतो, याचे आकडे ठरवलेले असतात. याला मिनिमम कनेक्टिंग टाइम किंवा एमसीटी म्हणतात. देशातून देशात, देशातून परदेशात, परदेशातून देशात आणि परदेशातून परदेशात असे त्याचे चार मुख्य प्रकार. शिवाय टर्मिनल आणि एअरलाइनप्रमाणे तो बदलतो. फ्रँकफर्टला साधारण ४५ मिनिटं, तर व्हिएन्नाला २५ मिनिटं, असे आकडे त्या विमानतळांनी अभिमानाने जाहीर केलेले आहेत. एकाच तिकिटावर विमानं जोडताना कॉम्प्युटर एमसीटीपेक्षा कमी वेळेचं कनेक्शन विकत नाही.

इथे आपली पहिली गल्लत होते. "कॉम्प्युटरने दिलंय म्हणजे आरामात होणार," असं आपल्याला वाटतं. तसं नाही. एमसीटी म्हणजे सगळं वेळेवर झालं तर जमू शकेल अशी खालची मर्यादा. आपल्या भाषेत सांगायचं तर ती पासिंग मार्क्सची रेषा आहे. चाळीसपैकी सोळा मिळाले की पास, पण सोळाचंच टार्गेट ठेवून पेपरला कोण बसतं? (काही जण बसतात, पण ते जाऊ दे!)

मधल्या विमानतळावर काय काय होतं?

हे देशाप्रमाणे बदलतं. मुख्य नमुने असे.

दुबई, दोहा, सिंगापूर : इथे तुम्ही बहुतेक वेळा त्या देशात शिरतच नाही. उतरायचं, ट्रान्सफरच्या पाट्या बघत जायचं, गरज असेल तिथे सुरक्षा तपासणी करायची आणि नव्या गेटवर बसायचं. पण दुबईचं टर्मिनल २ हे टर्मिनल १ आणि ३ पासून रनवेच्या पलीकडे आहे, हे तिकीट घेतानाच बघावं.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलंड्स वगैरे : शेंगेन करारातल्या देशांची बाहेरची सीमा एकच मानली जाते. समजा तुम्ही मुंबईहून फ्रँकफर्टला उतरून पुढे स्टुटगार्टला जाताय. तर पासपोर्टवरची तपासणी फ्रँकफर्टला होते, स्टुटगार्टला नाही. म्हणजे ही रांग तुमच्या कनेक्शनच्या वेळेतूनच जाते! त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने एन्ट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू केली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि प्रवासाची नोंद कॉम्प्युटरमध्ये, काहींच्या बोटांचे ठसेसुद्धा. पहिल्यांदा जाणाऱ्याला याला जास्त वेळ लागतो, तो धरून चालावं.

लंडन हीथ्रो : टर्मिनल २, ३, ४ आणि ५ (टर्मिनल १ हे २०१५ साली बंद झालं). विमान बदलणाऱ्यांसाठी जांभळ्या रंगाच्या पाट्या आहेत. टर्मिनल बदलत असेल तर बस, आणि पुन्हा सुरक्षा तपासणी.

अमेरिका : इथे नुसतं ट्रान्झिट असा प्रकार नाही. न्यूयॉर्कला उतरून पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरी आधी अमेरिकेत प्रवेश घ्यावा लागतो, म्हणजे व्हिसा हवाच. आणि साधारणपणे पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून आपली बॅग उचलणं, कस्टम्स, बॅग पुन्हा सोपवणं, पुन्हा सुरक्षा तपासणी असा पूर्ण फेरा असतो. एमएसवाल्यांनो, अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर तीन तास तरी ठेवा.

ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशादेशाचे वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. मित्राला लागला नाही म्हणून आपल्याला लागणार नाही असं धरू नका. त्या देशाच्या दूतावासाचा त्या दिवशीचा नियम वाचा.

आता पर्ट लावू

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये आपण पर्ट शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ही पद्धत आली. प्रत्येक कामाला तीन वेळा द्यायच्या : सगळं छान झालं तर लागणारी, नेहमी लागणारी, आणि सगळं बिघडलं तर लागणारी. छान वेळ क, नेहमीची ख, वाईट ग. अपेक्षित वेळ = (क + ४ख + ग) ÷ ६.

पप्पांच्या कनेक्शनसाठी मी पाच कामं धरली. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, मिनिटांत :

विमान थांबल्यापासून विमानाबाहेर पडणे : १०, १५, २६. अपेक्षित १६.
सुरक्षा तपासणीपर्यंत चालणे : ४, ६, १४. अपेक्षित ७.
सुरक्षा तपासणी : ६, १२, ३६. अपेक्षित १५.
पासपोर्ट तपासणी : ८, १५, ५२. अपेक्षित २०.
नव्या गेटपर्यंत चालणे : ७, १०, १९. अपेक्षित ११.

नेहमीच्या वेळांची बेरीज होते ५८ मिनिटं. अपेक्षित वेळांची बेरीज ६९. हा ११ मिनिटांचा फरक कुठून आला? रांगेला खालची मर्यादा आहे, वरची नाही. पासपोर्टची रांग १५ ऐवजी ८ मिनिटांत होऊ शकते, पण शून्यात नाही. उलट ती ५२ मिनिटांवर जाऊ शकते. म्हणूनच "मला तर अर्धा तास पण लागला नाही बे!" म्हणणारा मित्र खोटं बोलत नसतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवून तिकीट काढणं चूक.

हाताशी वेळ किती? ९५ मिनिटं वजा गेट बंद होण्याची २०, म्हणजे ७५. प्रत्येक कामाचं व्हेरिअन्स (ग वजा क, भागिले ६, त्याचा वर्ग) काढून बेरीज केली तर साधारण ९२.७ येते, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ९.६ मिनिटं. ७५ आणि ६९ मधला फरक ६. नॉर्मल टेबलमध्ये बघितलं तर विमान मिळण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के. पहिलं विमान २० मिनिटं उशिरा आलं तर? हाताशी ५५ मिनिटं, शक्यता ७ टक्क्यांच्या आसपास! आणि कनेक्शन सव्वादोन तासांचं असतं तर? वीस मिनिटं उशीर होऊनही चिंता नाही.

या गणितात एक मेख आहे. पर्टमध्ये कामं एकमेकांपासून स्वतंत्र धरतात. इथे ती तशी नाहीत. तीनशे माणसं एकाच विमानातून उतरून त्याच रांगांत उभी राहतात. तुम्ही विमानातून शेवटी उतरलात तर सुरक्षा तपासणीत शेवटी आणि पासपोर्टला पण शेवटी. म्हणजे पुढची सीट घेतली तर नुसती उतरायची सात-आठ मिनिटं वाचत नाहीत, पुढच्या दोन्ही रांगा छोट्या होतात. पाचही कामांत तुमच्या हातात असलेली गोष्ट ही एकच. वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या पुढची, पॅसेजच्या बाजूची सीट घ्या. खिडकीतून ढग बघायचे लाड परतीच्या प्रवासात करा.

एक तिकीट की दोन?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पप्पांच्या कंपनीत एक सूचना आली होती, की दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर काही हजार वाचतात. मुंबई ते मधलं विमानतळ एका एअरलाइनचं, पुढचं दुसरीचं. ऐकायला छान वाटतं.

पण एका तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असतील तर तुम्हाला शेवटच्या गावापर्यंत पोचवण्याचा करार एअरलाइनने केलेला असतो. पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं विमान चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं हे तिचं काम. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. तिकीट बुडालं! शिवाय बॅग मध्येच बाहेर येण्याची शक्यता असते. ती घ्यायला त्या देशात शिरावं लागतं, त्याला व्हिसा लागतो, आणि मग पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहायचं.

म्हणजे ७३ टक्क्यांचं उरलेलं २७ टक्के कुणाच्या डोक्यावर, हा खरा प्रश्न आहे. एका तिकिटावर ते एअरलाइनच्या डोक्यावर. दोन तिकिटांवर तुमच्या. वाचलेले काही हजार म्हणजे ती जोखीम घेण्याची तुमची मजुरी. मी हे कागदावर मांडून पप्पांना दिलं, त्यांनी साहेबांना दाखवलं. साहेबांनी दोन मिनिटं बघितलं आणि एकच तिकीट काढायला सांगितलं.

एक काळजी घ्या. एका तिकिटावरचा मधला टप्पा न कळवता सोडून दिला, तर पुढचे सगळे टप्पे, परतीचासुद्धा, रद्द होऊ शकतात. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांबच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून स्टुटगार्टला वेगवान गाडीने सव्वा तासात जाता येतं. विमान चुकलं म्हणून तडक गाडीत बसावंसं वाटेल. बसा, पण आधी एअरलाइनच्या काउंटरवर सांगून, तिकिटात बदल करून घेऊन.

बॅगेचा प्रवास

चेक-इनला बॅगेला जो पट्टा लावतात, त्यावरच्या बारकोडचा नंबर दहा अंकी असतो. त्यात एअरलाइनचा तीन अंकी कोड आणि त्या बॅगेचा सहा अंकी क्रमांक असतो. या नंबराचा निरोप मधल्या विमानतळाच्या सिस्टिमला आधीच जातो. बॅग तिथे पोचली की स्कॅनर नंबर वाचतो आणि पट्टे तिला योग्य दिशेला ढकलतात. जून २०१८ पासून आयाटाच्या ७५३ नंबरच्या ठरावानुसार एअरलाइन्सनी बॅगेची चार ठिकाणी नोंद ठेवायची असते : घेताना, विमानात चढवताना, बदलताना आणि परत देताना. तरीही उशिरा पोचणाऱ्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा विमान बदलतानाच मागे राहिलेल्या बॅगांचा असतो. माणूस पळू शकतो. बॅग पळत नाही.

"प्रवासी आला नाही तर विमान थोडं थांबवायला काय जातं?" असं पप्पांनी विचारलं होतं. उलटा प्रश्न जास्त गंभीर आहे : प्रवासी आला नाही आणि त्याची बॅग मात्र विमानात असेल तर? २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने फुटलं. ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरला दुसऱ्या विमानात चेक-इन करून टोरोंटोला एअर इंडियाच्या विमानात बदलली गेली होती. एअर इंडियाची जागा पक्की नसताना त्या माणसाने बॅग पुढे पाठवायचा आग्रह धरला होता. बॅग गेली, तो स्वतः विमानात चढलाच नाही. म्हणजे ती कनेक्टिंग बॅग होती. या घटनेनंतर प्रवासी आणि बॅग यांची जोडी जुळवण्याचा नियम जगभर कडक झाला. आज तुम्ही गेटवर पोचला नाहीत तर तुमची बॅग शोधून खाली उतरवतात. त्यामुळे विमानाला उशीर होतो, आणि म्हणूनच गेट इतकं आधी बंद करतात. गेटवरची बाई दुष्ट नसते. तिच्या घड्याळामागे ३२९ माणसं आहेत.

पप्पांचं काय झालं?

निघताना मी त्यांना एक कार्ड करून दिलं. त्यावर पाच कामं क्रमाने, आणि खाली इंग्लिशमध्ये एकच वाक्य : "माझं पुढचं विमान या वेळेला आहे, कृपया मदत करा." त्यांना इंग्लिश बोलायला येत नाही, पण ड्रॉइंग वाचता येतं. ए, बी, सी, आकडे आणि बाण यातच त्यांची चोवीस वर्षं गेली. मी म्हटलं, "पप्पा, विमानतळ म्हणजे मोठं ड्रॉइंगच आहे. बाण आणि नंबर बघा. 'ट्रान्सफर' दिसलं की आपलं, 'बॅगेज क्लेम' दिसलं की आपलं नाही." मग त्या विमानतळाचा नकाशा आम्ही टेबलावर पसरला आणि बोटाने तीन वेळा चालून बघितला.

पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा पोचलं. (विमानतळ आणि एअरलाइनचं नाव मुद्दाम देत नाही, असा उशीर कुठेही होतो.) माझ्या गणिताप्रमाणे सात टक्क्यांची केस! इकडे आई देवापुढे बसून होती आणि मी मोबाइलकडे बघत होते. पप्पांची सवय अशी, की प्रत्येक ऑपरेशनला सायकल टाइम लिहायचा. त्यांनी तोही लिहून आणला. बाहेर पडायला ९ मिनिटं (पुढची सीट!), चालायला ५, सुरक्षा तपासणी ११, पासपोर्ट १७, गेटपर्यंत ९. एकूण ५१. हातात होती ५५. पासपोर्टच्या रांगेत त्यांनी कार्ड आणि बोर्डिंग पास तिथल्या माणसाला दाखवला, त्याने हाताने दुसरी छोटी रांग दाखवली. मोबाइलवर मेसेज आला : "बसलो. काळजी नको." आईने तेव्हा चहा टाकला.

बॅग मात्र मागे राहिली. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आली, हँडलला 'रश' लिहिलेला पट्टा लावून. मागे राहिलेली बॅग पुढच्या विमानाने पाठवताना असा पट्टा लावतात. तिच्यात कपडे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी होती. मशीनची ड्रॉइंग्ज, तपासणीचे कागद, बीपीची गोळी, चार्जर आणि एक शर्ट-पँट हे सगळं पप्पांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. सकाळी नऊला ट्रायल होती, ती नऊलाच सुरू झाली. दुपारी त्यांनी दोन साइज नापास केले आणि सेटिंग बदलून घेतलं. ते मशीन आता चिंचोळीत चालू आहे.

चुकलंच तर?

घाबरू नका, बाहेर पडू नका. ट्रान्सफर काउंटरवर जा आणि रांगेत उभं असतानाच एअरलाइनला फोनही लावा, जो आधी लागेल तो. कधी कधी पुढच्या विमानाचा नवीन बोर्डिंग पास आधीच तयार असतो. मुक्काम पडणार असेल तर जेवण आणि हॉटेलबद्दल विचारा, मागायला लाजू नका. युरोपच्या २००४ सालच्या २६१ नंबरच्या नियमानुसार, युरोपातून निघणारा प्रवास असेल, किंवा युरोपियन एअरलाइनने तिकडे जाणारा असेल, आणि एका तिकिटावर शेवटच्या गावी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. वादळासारखं एअरलाइनच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही, पण जेवणखाण द्यावंच लागतं. बोर्डिंग पास आणि बिलं जपून ठेवा.

निघण्यापूर्वी हे बघा

एक, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का. चेक-इनला विचारा, "बॅग शेवटपर्यंत टॅग केली का?" आणि पट्ट्यावरचा तीन अक्षरी कोड स्वतः वाचा.

दोन, विमानतळ एकच आहे का. लंडन, टोकियो, दुबई इथे एकापेक्षा जास्त विमानतळ आहेत. आता आपल्याकडे पण! २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. एकाला उतरून दुसऱ्याहून पुढे जायचं असेल तर मुंबईचं ट्रॅफिकही गणितात धरा.

तीन, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. उतरल्यावर आधी घड्याळ लावा. जर्मनी आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. आणि रात्री ००.३० चं विमान म्हणजे तारीख आदल्या रात्रीच बदलते, हे विसरू नका.

चार, हातातल्या पिशवीत २४ तासांचं सामान, औषधं आणि सगळे कागद. १०० मिलीच्या वरच्या बाटल्या नकोत. २००६ साली लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून हा नियम आला, आणि मधल्या तपासणीत बाटली काढून घेतली जाते ती जातेच, वर रांगेत पाच मिनिटं जातात.

पाच, उतरल्याबरोबर पडद्यावर गेट बघा. बोर्डिंग पासवरचा गेट नंबर बदलू शकतो.

सहा, परत येताना मुंबई किंवा दिल्लीहून पुढे देशातल्या देशात विमान असेल तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्स करावं लागतं. २०२५ साली सोलापूरहून गोवा आणि मुंबईला विमानं सुरू झाली, तेव्हा हे आपल्या लोकांच्याही कामाचं झालं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणार असाल तरी मुंबईत तीन-चार तास हातात ठेवा.

आणि सातवं, घरातलं कुणी पहिल्यांदा जात असेल, आई-वडील असोत किंवा आजी, तर त्यांना नुसतं "होईल सगळं" म्हणू नका. नकाशा पसरा, शेजारी बसा आणि बोटाने एकदा चालून दाखवा. तासाभराचं काम आहे. ज्यांनी आपल्याला बोट धरून शाळेत सोडलं, त्यांच्यासाठी एवढं तर करता येईल.

हॅपी जर्नी, मित्रांनो!